पुठ्ठ्यातून जाणारा माणूस

मिस्त्री दर रविवारी सकाळी पुठ्ठ्यातून जात. हे काम अनशापोटी करायचं असा त्यांच्या बायकोचा दंडक होता, त्यामुळे चहासुद्धा नंतर. वॉशिंग मशीनच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा दोन्ही हातांनी उभा धरून बायको पलंगाशी थांबे. पुठ्ठ्याच्या मधोमध एक लंबगोल भोक कापलेलं होतं. मिस्त्री आधी दोन्ही हात घालत, मग डोकं, मग एक खांदा, मग दुसरा. मग पोट यायचं. पुठ्ठा कुरकुरे, बायको "श्वास सोडा, सोडा, घेऊ नका!" म्हणून ओरडे आणि मिस्त्री पलीकडे गादीवर पालथे पडत.

"गेलात!" बायको म्हणे, आणि मगच गॅसवर चहाचं आधण चढे.

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं घरात असले खेळ करावेत याला कारण होतं. मिस्त्री एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलरवर होते. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल तिथे धुवायला येत, आणि ते सगळं त्या बॉयलरच्या वाफेवर चाले. वर्षातून एकदा दोन दिवस बॉयलर बंद करून थंड करत, त्याच्या ड्रमचं झाकण काढत, आणि एका माणसाला त्या भोकातून आत शिरावं लागे. आत सरपटत जायचं, छोट्या हातोडीनं वीतवीतभर अंतरावर ठोकत पत्रा तपासायचा. चांगला पत्रा खणखणतो, गंजून पातळ झालेला बद्द वाजतो. पंचवीस वर्षं हे काम मिस्त्री करत होते. कारखान्यात साहेब तीन बदलले, आतला माणूस एकच.

त्यांचा कानच तसा होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला लावायचं आणि मूठ कानाला, की कुठली बेअरिंग महिन्याभरात जाणार ते सांगून मोकळे. पण दोन वर्षांपूर्वी साहेबांनी बॉयलरला स्क्रीन बसवली. कुठे काय बिघडलंय ते आता स्क्रीन सांगे, तेही लाल अक्षरांत, कुणी न विचारता. मिस्त्रींनी फेऱ्या मारायची गरज उरली नाही. सकाळी सहा ते दुपारी दोन खुर्चीत बसून हिरव्या दिव्यांकडे बघायचं, एवढंच. पोट त्या खुर्चीत वाढलं. गेल्या वर्षी ड्रममध्ये शिरताना सदरा फाटला, दोन बटणं आत पडली आणि ती शोधण्यात अर्धा तास गेला.

साहेबांनी ते लक्षात ठेवलं होतं. यंदा बॉयलर उघडायला तीन महिने उरले तेव्हा त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. दुसऱ्या पाळीचा माणूसही तिथेच होता. त्याला सगळे काडी म्हणत. चाळिशीचा गडी, पण सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा.

"मिस्त्री, यंदा तुम्ही आत गेलात तर उत्तम," साहेब म्हणाले. "नाही गेलात तर हा जाईल. आणि मग किल्ली कायमची त्याच्याकडे. दरवर्षी कोण मावतंय याची परीक्षा मी घेत बसणार नाही."

काडीचा चेहरा पांढरा पडला. आनंद लपवताना माणसाचं असंच होतं, असं मिस्त्रींनी मनाशी ठरवून टाकलं.

किल्लीचं एक सांगायला हवं. आत शिरणाऱ्यानं आधी वाफेच्या व्हॉल्व्हला कुलूप घालायचं आणि त्याची एकुलती एक किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची, म्हणजे तो आत असताना कुणाचा चुकूनसुद्धा हात जाऊन वाफ सुटायला नको. किल्ली पितळेची, बोटभर लांब, वजनदार, तिला तेवढाच वजनदार बिल्ला. खरं तर ती लागे वर्षातून दोन दिवस. पण मिस्त्री बाराही महिने ती कमरेला दोरीत बांधून हिंडत. रविवारी पुठ्ठ्याआधी वजनकाट्यावर उभं राहायचं असे, तेव्हा बायको म्हणे, "अहो, ती तरी काढून ठेवा."

"ती माझ्यातच धर," मिस्त्री म्हणत.

तर वजन कमी करायला तीन महिने होते आणि घरात दोन जाणकार होते. एवढ्यावर कुणाचंही वाटोळं व्हायला हरकत नाही.

पहिली जाणकार बायको. तिनं एका शाळेत तीस वर्षं वेळापत्रकं लावली होती. कुठल्या वर्गाला कुठला तास, कुठल्या बाईंना मोकळा तास, सगळं रंगीत चौकटींत. तिनं मिस्त्रींच्या पोटाचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं आणि एक प्रत त्यांच्या खिशात कोंबली. सातला दोन उकडलेली अंडी. साडेनऊला एक सफरचंद. साडेअकराला काकडी, वाटीभर उकडलेले चणे, पावाची एक चकती. दीडला दही. आणि असंच पुढे झोपेपर्यंत. प्रत्येक तासाचा वेगळा डबा, डब्यावर चिठ्ठी.

"भूक असो नसो, वेळेला खायचं," ती म्हणाली. "घंटा झाली की तास सुरू. म्हणजे मधल्या वेळेत भूक डोकं वर काढणारच नाही. आणि तास बुडवायचा नाही हं!"

दुसरी जाणकार लेक. ती दुसऱ्या शहरात राही, कसलासा अभ्यासक्रम करून लोकांना खाण्याविषयी सल्ले देई आणि रविवारी फोन करी. आईचं वेळापत्रक ऐकून ती हसली.

"बाबा, पोट म्हणजे काय शाळा आहे का? भूक लागली की खायचं, नाही लागली की नाही खायचं. एवढंच! खायच्या आधी पोटावर हात ठेवा, डोळे मिटा आणि विचारा, दहापैकी भूक किती? सहाच्या वर आली की खायचं, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. भुकेला नाही म्हणायचं नाही. तिला दडपलं की ती दामदुप्पट होऊन येते. तुम्हाला तर यंत्राचं ऐकू येतं, स्वतःचं येणार नाही?"

हे शेवटचं वाक्य मिस्त्रींना फार आवडलं. पण फोन बायकोनं स्पीकरवर ठेवला होता. मायलेकींचं जुंपलं. एक म्हणे शिस्त नाही, दुसरी म्हणे शरीरावर विश्वास नाही. शेवटी दोघींनी एकदमच विचारलं, मिस्त्री कुणाचं ऐकणार. मिस्त्री संसारी माणूस. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "तुझंच." आणि गॅलरीत जाऊन लेकीला सांगितलं, "तुझंच गं."

आणि लबाडी म्हणाल तर अजिबात नाही, त्यांनी दोघींचंही ऐकलं. सातला अंडी खाल्ली, कारण सात वाजले होते. साडेआठला पोटावर हात ठेवून डोळे मिटले, भूक आठ आली, म्हणून कॅन्टीनमध्ये जाऊन लोणी लावलेला पाव खाल्ला. साडेनऊला सफरचंद, कारण तास बुडवायचा नव्हता. साडेदहाला भूक नऊ. बिस्किटं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी असं म्हणतात. मिस्त्री दोन्ही घरचे पाहुणे होते आणि दोन्हीकडे पोटभर जेवत होते.

भुकेचा आकडा कधी सातच्या खाली आला नाही हेही नवलच. समोरचे हिरवे दिवे ढिम्म हलत नसत, खोली गप्प असे, आणि त्या गप्प खोलीत पोट मात्र अखंड बोले. ऐकण्याची सवय जडलेल्या माणसाला दुसरं ऐकायला काही नव्हतं. मिस्त्री इमानदारीनं ऐकत आणि उठत.

त्यात काडीची भर. दुपारी दोनला पाळी बदले, पण हा दीडलाच येऊन समोर बसे आणि पिशवी उघडे. केळी, भाजलेले शेंगदाणे, लोण्याचा अख्खा डबा. चरत असे नुसता. वर पिशवी पुढे करी, "घ्या ना मिस्त्री."

'मला फुगवतोय,' मिस्त्री मनात म्हणत. 'किल्लीवर डोळा आहे याचा.' आणि पोटावर हात ठेवत. भूक आठ. केळं घेत.

काटा मात्र कुणाचीच भीड ठेवत नाही. पहिल्या रविवारी एक्याण्णव किलो चारशे. दुसऱ्या महिन्यात ब्याण्णव. बायको वेळापत्रकातल्या चौकटी आवळे, लेक म्हणे सुरुवातीला असं होतंच. मिस्त्रींना घाम फुटायला हवा होता, पण फुटला नाही, कारण पुठ्ठा होता. पुठ्ठ्यातून ते जात होते. स्टोअरमधून ड्रमच्या झाकणाचं जुनं गॅस्केट त्यांनी घरी आणलं होतं. गॅस्केट म्हणजे झाकण घट्ट बसावं म्हणून भोकाभोवती घालायची काळी जाड कडी. ते पुठ्ठ्यावर ठेवून, कडेनं पेन्सिल फिरवून त्यांनी स्वतःच्या हातानं भोक कापलं होतं. काटा काय, काट्याला माणसातलं काय कळतं? "चरबी जागा बदलतेय," ते बायकोला सांगत. "वजन आहे तेवढंच, आकार उतरतोय." बायकोलाही ते पटे, कारण पुठ्ठा तिच्याच हातात असे आणि नवरा तिच्या डोळ्यांदेखत पार होई.

बॉयलर उघडला तो गुरुवार होता. त्या दिवशी काट्यावर ब्याण्णव सहाशे होते, पण आदल्या रविवारी पुठ्ठा सहज पार झाला होता, त्यामुळे मिस्त्री कामावरचे चारही डबे घेऊन शीळ घालत कामाला गेले.

झाकण उतरवलं होतं. साहेब हातावरचं घड्याळ बघत उभे होते. काडीला त्या दिवशी मुद्दाम सकाळी बोलावलं होतं, आणि शिडीशी उभा राहून तो केळं खात होता. मिस्त्रींनी व्हॉल्व्हला कुलूप घातलं, किल्ली कमरेला बांधली, शिडी चढले आणि दोन्ही हात आत घातले. मग डोकं. आतून ओल्या लोखंडाचा वास आला, ओळखीचा, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की क्षणभर ते तसेच थांबले. एक खांदा. दुसरा खांदा. मग पोट आलं.

पुठ्ठा कुरकुरून वाट देतो. लोखंड देत नाही. त्यांनी श्वास सोडला, रेटा दिला, पुन्हा सोडला, पुन्हा दिला. सदऱ्याचं बटण कडेवर खरकन घासलं, आणि तो आवाज ऐकूनच त्यांना कळलं. पत्र्याची जाडी आवाजावरून सांगणाऱ्या माणसाला स्वतःची न कळायला काय झालं! तसेच अर्धे आत, अर्धे बाहेर लोंबकळत त्यांनी टॉर्च फिरवला, तर भोकाच्या आतल्या बाजूनं जुन्या गॅस्केटचा काळा पट्टा चिकटून बसलेला. भोकाची कड कुठे आणि त्या कडीची बाहेरची कड कुठे! चारी बाजूंनी चांगलं दीड-दोन बोटं अंतर. मिस्त्रींनी पेन्सिल बाहेरून फिरवली होती. पंचवीस वर्षं स्वतःच्या हातानं ती कडी बसवणाऱ्या माणसानं माप घेतलं होतं बाहेरच्या कडेचं. नवख्यानं केलं असतं तर त्यांनी त्याला कारखाना डोक्यावर घेऊन झापलं असतं. मनाला जे माप हवं असतं तेच हाताला सापडतं, दुसरं काय.

ते हळूहळू मागे आले, शिडी उतरले आणि म्हणाले, "नाही गेलो."

त्यांना वाटलं होतं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही, आणि ते जास्त लागलं.

"काडी, चला," साहेब म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत वाफ हवी. दवाखान्यांच्या चादरी थांबल्यात."

काडी शिडीच्या पहिल्याच पायरीवर मटकन बसला. हातातलं केळं त्यानं किती घट्ट धरलं होतं ते त्याला कळत नव्हतं.

"मिस्त्री, मला नाही जमायचं."

"का रे? तू तर पोस्टाच्या पेटीत पत्र पडावं तसा आत पडशील."

"म्हणून तर!" काडीचा आवाज फुटला. "बंद जागेत माझा जीव जातो हो. चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे, तरी जिन्यानं चढतो. साहेबांनी त्या दिवशी सांगितल्यापासून खातोय मी. केळी, दाणे, लोणी. फुगलो की मावणार नाही, म्हणजे सुटलो. तीन महिने चाललंय. दीड किलो वाढलो, तेही गालावर. अंगाला लागतच नाही काही."

मिस्त्रींनी त्याच्या हातातल्या केळ्याकडे बोट दाखवलं.

"आणि मला कशाला खाऊ घालत होतास?"

"तुम्ही समोर डबे मोजत बसायचात. मला एकट्याला घास उतरत नव्हता."

मिस्त्रींना स्वतःची लाज वाटली. तीन महिने ते या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत त्याचीच केळी खात होते. एक बारीक व्हायला बघत होता, दुसरा जाड व्हायला, आणि दोघांच्याही पोटांनी धन्याचं काडीइतकं ऐकलं नव्हतं. त्यांनी कमरेची गाठ सोडली. पंचवीस वर्षांत दोरी तीनदा बदलली होती, किल्ली तीच होती.

"ही बांध," ते म्हणाले. "आतल्या माणसाची असते ती. ही तुझ्याजवळ आहे तोवर तो व्हॉल्व्ह साहेब उघडू शकत नाहीत, मीपण नाही. आणि मी इथे तोंडाशी बसतो. हलणार नाही. तू हाक मारायची, मी ओ द्यायची."

काडीनं किल्ली बांधली, डोळे मिटले आणि गेला आत. भोकाला त्याचा स्पर्शसुद्धा झाला नाही. लगेच आतून हाक आली, "मिस्त्री?"

"आहे."

"मिस्त्री?"

"आहे रे बाबा. बोलत राहतो, थांब." पण बोलणार काय? आयुष्यभर ऐकण्यात गेलेला माणूस. त्यांनी खिसा चाचपला. हाताला बायकोचं वेळापत्रक लागलं. तोंड ड्रमच्या भोकाशी नेऊन ते मोठ्यानं वाचू लागले. "सात वाजता. दोन उकडलेली अंडी. मीठ चिमूटभरच. साडेनऊ. सफरचंद एक, सालासकट."

आतून जरासं हसू आलं. मग हातोडीचा पहिला ठोका.

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्याला लावलं, मूठ कानाला. ठोका लोखंडातून स्वच्छ आला. खणखणीत. "पुढे," ते म्हणाले. "साडेअकरा. काकडी, चणे, पावाची चकती." ठोका. "पुढे." ठोका. "थांब. मागे ये. बोटभर डावीकडे मार." बद्द. "तिथे खडूनं खूण कर. शाब्बास!" साहेब मघाशी जायला निघाले होते, ते परत येऊन उभे राहिले. वेळापत्रक चौदा वेळा वाचून झालं. पंधराव्या वेळी काडी आतून स्वतःच म्हणायला लागला, "दीड वाजता दही."

काडी बाहेर आला तेव्हा खरंच दीड वाजून गेला होता. आपादमस्तक काळा, डोळ्यांतून पाणी, आणि हसतोय.

"मिस्त्री, भूक लागलीय. खरी!"

मिस्त्रींनी डबे उघडले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, सकाळपासून एकही उघडलेला नव्हता. साडेनऊ होऊन गेले, साडेअकरा होऊन गेले. कॅन्टीनची आठवण आली नव्हती. त्यांनी सवयीनं पोटावर हात ठेवला, डोळे मिटले, विचारलं. पोट गप्प होतं. दोन वर्षं त्या खुर्चीत बसून ज्या आवाजाला ते भूक म्हणत आले होते, तो भुकेचा नव्हताच. काम गेलेल्या माणसाचा होता तो. हे कळून त्यांना काही बरं वाटलं नाही, कारण उद्या वाफ सुरू होणार होती आणि परवा पुन्हा ती खुर्चीच होती.

त्यांनी चारही डबे काडीपुढे सरकवले. काडीनं कमरेला हात घातला. "आणि ही तुमची किल्ली..."

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "ठरलंय ते ठरलंय."

घरी बायको दारातच उभी होती. "झालं?"

"झालं काम," मिस्त्री म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. बायकोनं रिकामे डबे पाहिले, एकही तास बुडालेला नाही म्हणून खूश झाली आणि लेकीला फोन लावायला धावली.

रविवारी मिस्त्री नेहमीप्रमाणे काट्यावर उभे राहिले. बायकोनं चष्मा लावून वाकून पाहिलं आणि टाळी वाजवली. दोनशे ग्रॅम कमी. तीन महिन्यांत पहिल्यांदा काटा खाली आला होता. फोन आधीच स्पीकरवर होता.

"बघ! शेवटी वेळापत्रकच कामाला आलं!"

"आई, काहीही काय? बाबा स्वतःचं ऐकायला लागले म्हणून उतरलं. बाबा, सांगा ना तिला. कुणाचं श्रेय?"

मिस्त्री काट्यावरच उभे होते. "दोघींचं," ते म्हणाले.

"म्हणजे माझंच," बायको हसत म्हणाली आणि पुठ्ठा आणायला वळली. "चला, आता आहेच सवय तर एकदा..." आणि बोलता बोलता थांबली. मिस्त्रींनी बनियन वर खोचलेलं होतं. कमरेवर पंचवीस वर्षांच्या दोरीचा पांढरा वळ तेवढा होता. दोरी नव्हती, किल्लीही नव्हती.

फोनमधून लेक अजून बोलतच होती. बायकोनं तो उचलला. "ठेव गं. नंतर बोलू."

तिनं पुठ्ठा कपाटामागे सरकवला आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं ती बशी घेऊन आली. पावाचे दोन जाड तुकडे, वर भरपूर लोणी, त्यावर साखर पेरलेली. असलं काही फ्रिजवरच्या कुठल्याच चौकटीत नव्हतं. बशी तिनं त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसून राहिली.

भूक नव्हती. खायची वेळही झाली नव्हती. मिस्त्रींनी एक तुकडा तिच्या हातात दिला आणि दुसरा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.